वॉकमन

वॉकमन हे सोनी या जपानी कंपनीच्या, सोबत बाळगून चालता-फिरता संगीत ऐकता येणाऱ्या उपकरणांचे व्यापारनाम आहे. टीपीएस-एल२ हा पहिला वॉकमन १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये विक्रीस आला. त्याची किंमत ३३,००० येन होती. कॅसेट, हेडफोन आणि बॅटरीवर चालणारा टेपरेकॉर्डर या तिन्ही गोष्टी त्याआधीच अस्तित्वात होत्या. वॉकमनमध्ये ध्वनिमुद्रणाची सोय आणि ध्वनिवर्धक दोन्ही वगळून केवळ एका व्यक्तीने स्टिरिओ संगीत ऐकण्यासाठी हे साहित्य एकत्र आणण्यात आले. त्यामुळे घरातील सर्वांच्या कानी पडणारे संगीत ही एका श्रोत्याच्या निवडीची बाब बनली. याच कारणाने वॉकमनचा उल्लेख तंत्रज्ञानाच्या इतिहासाइतकाच समाजशास्त्राच्या अभ्यासातही केला जातो.

पुढे हेच नाव सोनीच्या सीडी, मिनिडिस्क व डिजिटल संगीत-उपकरणांनाही देण्यात आले. मराठीसह अनेक भाषांमध्ये 'वॉकमन' हा शब्द कोणत्याही कंपनीच्या लहान कॅसेट प्लेअरसाठी सामान्यनाम म्हणून रूढ झाला.

पार्श्वभूमी

फिलिप्स या डच कंपनीने इ.स. १९६३ मध्ये बर्लिन येथील प्रदर्शनात कॉम्पॅक्ट कॅसेट सादर केली. उघड्या रिळावरील फीत यंत्रात हाताने ओवावी लागत असे. कॅसेटमध्ये फीत प्लॅस्टिकच्या बंद डबीत असल्याने हे काम उरले नाही आणि यंत्राचा आकारही लहान करता आला. सुरुवातीला कॅसेटचा वापर मुख्यतः भाषणे, मुलाखती आणि श्रुतलेखन यांसाठी होत असे. फितीचा दर्जा सुधारल्यावर आणि खरखर कमी करणारी डॉल्बी पद्धत आल्यावर १९७० च्या दशकात ती संगीतासाठीही वापरली जाऊ लागली.

घराबाहेर संगीत ऐकण्याची साधने तोवर दोन प्रकारची होती. ट्रान्झिस्टर रेडिओ खिशात मावत असे, पण त्यावर काय ऐकावे हे नभोवाणी केंद्र ठरवत असे. मोठ्या आकाराच्या कॅसेट रेकॉर्डरवर आवडीची कॅसेट लावता येत असे, पण तो जड होता आणि त्याचा आवाज आजूबाजूच्या सर्वांनाच ऐकावा लागे.

निर्मिती

सोनीचे सहसंस्थापक मासारू इबुका विमानप्रवासात संगीत ऐकण्यासाठी कंपनीचा टीसी-डी५ हा स्टिरिओ कॅसेट रेकॉर्डर सोबत नेत असत. तो नेहमी बाळगण्याच्या दृष्टीने जड होता. त्यामुळे पत्रकारांसाठी बनवलेल्या 'प्रेसमन' या लहान रेकॉर्डरमधून केवळ स्टिरिओ संगीत ऐकता येईल असा नमुना तयार करून द्यावा, अशी विनंती त्यांनी नोरिओ ओगा यांना केली. ओगा हे कंपनीचे वरिष्ठ अधिकारी असून शास्त्रशुद्ध शिक्षण घेतलेले पाश्चात्त्य शैलीचे गायक होते. अभियंत्यांनी प्रेसमनमधील ध्वनिमुद्रणाचा भाग व ध्वनिवर्धक काढून त्याजागी स्टिरिओ ध्वनीसाठी लागणारी मंडले बसवली.

कंपनीचे अध्यक्ष अकिओ मोरिता यांना हा नमुना विक्रीयोग्य वाटला. फेब्रुवारी १९७९ मध्ये त्यांनी संबंधितांची बैठक बोलावली आणि विद्यार्थ्यांची उन्हाळी सुटी सुरू होण्यापूर्वी उपकरण तयार व्हावे, अशी मुदत घातली. म्हणजे हाती जेमतेम चार महिने होते. ध्वनिमुद्रण न करणारे यंत्र कोण विकत घेईल, अशी शंका कंपनीतच व्यक्त होत होती. प्रकल्पाची जबाबदारी मोरितांनी स्वतःवर घेतली. नवे सुटे भाग घडवण्यास वेळ नसल्याने प्रेसमनमधील सिद्ध झालेली यंत्रणाच वापरण्यात आली. टेपरेकॉर्डर विभागाचे प्रमुख कोझो ओसोने यांच्या देखरेखीखाली हे काम झाले.

त्याच सुमारास सोनीच्या दुसऱ्या विभागात हलक्या हेडफोनवर काम सुरू होते. त्या काळातील सामान्य हेडफोनचे वजन ३०० ते ४०० ग्रॅम असे, तर या नव्या हेडफोनचे वजन सुमारे ५० ग्रॅम होते. हा हेडफोन उपलब्ध झाला नसता, तर यंत्र लहान होऊनही रस्त्याने चालताना त्याचा उपयोग करणे गैरसोयीचे ठरले असते.

रचना आणि कार्य

टीपीएस-एल२ चे आवरण निळ्या व चंदेरी रंगाचे होते. वजन सुमारे ३९० ग्रॅम होते व ऊर्जेसाठी दोन पेन्सिल सेल लागत. डाव्या व उजव्या कानातील आवाज कमी-जास्त करण्यासाठी दोन स्वतंत्र सरकत्या कळा होत्या.

या प्रतिमानाची दोन वैशिष्ट्ये पुढे मागे पडली. त्याला दोन हेडफोन जोडण्यासाठी दोन छिद्रे होती. तसेच 'हॉटलाइन' नावाचे नारिंगी बटण दाबले असता संगीताचा आवाज कमी होऊन लहान मायक्रोफोनमधून दोन्ही श्रोत्यांना एकमेकांचे बोलणे ऐकता येत असे. मोरितांनी 'मेड इन जपान' (१९८६) या आत्मचरित्रात याचे कारण दिले आहे. घरी नमुना वापरून पाहत असताना आपण एकटेच ऐकत बसल्याने पत्नीला दूर सारल्यासारखे वाटते आहे, हे त्यांच्या लक्षात आले आणि एकट्याने संगीत ऐकणे लोकांना असभ्य वाटेल असा त्यांनी कयास बांधला. प्रत्यक्षात ग्राहकांनी वॉकमनकडे अत्यंत वैयक्तिक वस्तू म्हणून पाहिले. नंतरच्या प्रतिमानांतून हॉटलाइनचे बटण वगळण्यात आले आणि कालांतराने दुसरे छिद्रही बहुतेक यंत्रांतून नाहीसे झाले.

वॉकमनचे कार्य इतर कॅसेट प्लेअरप्रमाणेच चालते. कॅसेटमधील फीत ३.८१ मिलिमीटर रुंद असते आणि तिच्यावर चुंबकीय कणांचा थर असतो. विद्युत मोटरवर फिरणारा एक बारीक दंड आणि त्याला टेकलेले रबरी चाक यांच्या चिमटीतून फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या स्थिर वेगाने ओढली जाते. वाटेत ती चुंबकीय 'हेड'ला घासून जाते. फितीवरील चुंबकीय बदलांमुळे हेडमध्ये सूक्ष्म विद्युत संकेत निर्माण होतात व ते वाढवून हेडफोनकडे पाठवले जातात.

फितीचा वेग स्थिर राखणे हे या रचनेतील सर्वांत अवघड काम असते. चालताना किंवा धावताना यंत्र हलले की वेगात चढउतार होऊन सूर थरथरतात. सेल उतरू लागले की मोटर मंदावते. त्यामुळे गाण्याची लय तर कमी होतेच, शिवाय स्वरही खाली येतो. आवाज जाड व लांबट होऊ लागणे ही वॉकमन वापरणाऱ्यांच्या परिचयाची, सेल बदलण्याची खूण होती.

नाव

'वॉकमन' हे नाव 'प्रेसमन' या आधीच्या उत्पादनाच्या नावावर बेतलेले होते. इंग्रजी व्याकरणाच्या दृष्टीने ते विचित्र वाटेल अशी शंका असल्याने परदेशांत प्रारंभी वेगळी नावे वापरली गेली. अमेरिकेत 'साउंडअबाउट', ब्रिटनमध्ये 'स्टोअवे' आणि स्वीडनमध्ये 'फ्रीस्टाइल' अशी ती नावे होती. मात्र जपानला भेट देणाऱ्या पर्यटकांमुळे मूळ नावच सर्वत्र पोहोचले आणि कंपनीने सगळीकडे तेच कायम केले. इ.स. १९८६ मध्ये या शब्दाला ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशात स्थान मिळाले. शब्द सार्वत्रिक होण्याची कंपनीला किंमतही मोजावी लागली. ऑस्ट्रियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये 'वॉकमन' हे तेथे सामान्यनाम झाल्याचा निर्णय दिला.

विक्री आणि प्रसार

विक्रीपूर्वी २२ जून १९७९ रोजी सोनीने पत्रकारांना तोक्योतील योयोगी उद्यानात नेले आणि प्रत्येकाच्या हाती एक वॉकमन दिला. उत्पादनाची माहिती त्यांना भाषणातून न देता कॅसेटवर ऐकवण्यात आली. त्याच वेळी तरुण-तरुणी वॉकमन लावून चालत, स्केटिंग करत व सायकल चालवत असल्याची प्रात्यक्षिके दाखवण्यात आली.

पहिल्या खेपेत ३०,००० नग तयार करण्यात आले होते. जुलै महिन्यात त्यांपैकी सुमारे ३,००० नगच विकले गेले. त्यानंतर कंपनीचे कर्मचारी तोक्योतील गर्दीच्या रस्त्यांवर व रेल्वेगाड्यांत वॉकमन लावून फिरू लागले आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना तो ऐकण्यास देऊ लागले. ऑगस्टअखेर संपूर्ण साठा संपला. या उपकरणाचा गुण वर्णनाने पटत नव्हता, कानाला लावल्यावर तत्काळ पटत होता, हे यातून स्पष्ट झाले.

जून १९८९ पर्यंत वॉकमनच्या एकूण उत्पादनाने ५ कोटींचा, तर १९९२ मध्ये १० कोटींचा टप्पा ओलांडला. अन्य अनेक कंपन्यांनीही अशी यंत्रे बाजारात आणली.

पुढील प्रतिमाने

इ.स. १९८१ मधील डब्ल्यूएम-२ हा अधिक लहान व हलका होता. डब्ल्यूएम-डी६ (१९८२) या व्यावसायिक प्रतिमानात ध्वनिमुद्रणाची सोय होती. १९८३ मधील डब्ल्यूएम-२० हा जवळजवळ कॅसेटच्या डबीइतकाच होता. त्याच वर्षी पाण्याच्या शिंतोड्यांपासून संरक्षण असलेला पिवळ्या रंगाचा 'स्पोर्ट्स' प्रकार आला. १९८४ मध्ये सीडी वाजवणारा डी-५० आला व ही मालिका 'डिस्कमन' या नावाने ओळखली गेली. १९९२ मध्ये मिनिडिस्क वापरणारे यंत्र आले.

भारतातील वॉकमन

१९८० च्या दशकात भारतात परदेशी इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या आयातीवर कडक निर्बंध होते आणि आयातशुल्क मोठे होते. त्यामुळे मूळ जपानी वॉकमन साध्या दुकानात सहज मिळत नसे. आखाती देशांत नोकरी करणारे, जहाजांवर काम करणारे किंवा परदेशी स्थायिक झालेले नातेवाईक सुटीवर येताना तो सोबत आणत. कोकण व गोव्यातून आखातात गेलेल्यांची संख्या मोठी असल्याने तेथील अनेक घरांत टू-इन-वन आणि वॉकमन या वस्तू याच मार्गाने पोहोचल्या. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरातील मुसाफिरखाना व मनीष मार्केट आणि हाजीअलीजवळील हीरा पन्ना ही ठिकाणे परदेशी वस्तूंसाठी ओळखली जात. अशा खरेदीत पावती व हमी मिळण्याची खात्री नसे. नावात एखादे अक्षर बदललेली नक्कलही माथी मारली जाण्याची शक्यता असल्याने, घेण्यापूर्वी स्वतःची कॅसेट लावून यंत्र तपासून पाहण्याची पद्धत होती.

मध्यमवर्गीय विद्यार्थ्याच्या दृष्टीने वॉकमन ही दीर्घकाळ वाट पाहून मिळणारी वस्तू होती. परीक्षेतील यशाचे बक्षीस, पहिल्या पगारातील खरेदी किंवा परदेशातून आलेली भेट अशा निमित्तांनी तो घरात येई. भारतीय कंपन्यांचे व पूर्व आशियातून आलेले स्वस्त कॅसेट प्लेअर बाजारात आल्यावर ही वस्तू अनेकांच्या आवाक्यात आली. आर्थिक उदारीकरणानंतर १९९४ मध्ये सोनीने भारतात आपली कंपनी स्थापन केली.

कॅसेटचा प्रसार

वॉकमनला भारतात स्थान मिळाले ते कॅसेटच्या व्यापक प्रसारामुळे. ध्वनिमुद्रिकांचा व्यवसाय दीर्घकाळ मोजक्या कंपन्यांच्या हाती होता आणि ग्रामोफोन ही संपन्न घरांतील वस्तू होती. कॅसेट बनवण्यास भांडवल कमी लागत असल्याने १९८० च्या दशकात अनेक लहान उत्पादक पुढे आले. १९८३ मध्ये सुरू झालेल्या टी-सीरिजने कमी किमतीच्या कॅसेट देशभर पोहोचवल्या. अमेरिकन संगीतअभ्यासक पीटर मॅन्युएल यांनी 'कॅसेट कल्चर' (१९९३) या ग्रंथात उत्तर भारतातील या बदलाचा अभ्यास केला असून, कॅसेटमुळे प्रादेशिक भाषांतील संगीताला नवी बाजारपेठ मिळाल्याचे दाखवले आहे. मराठीतही भक्तिगीते, भावगीते, नाट्यसंगीत, कोळीगीते, लोकगीते व कथाकथन यांच्या कॅसेट मोठ्या प्रमाणावर निघाल्या. पुण्यातील अलूरकर म्युझिक हाउससारख्या संस्थांनी शास्त्रीय संगीताच्या कॅसेट प्रकाशित केल्या.

कोरी कॅसेट घेऊन कॅसेटच्या दुकानात आवडीची 'गाणी भरून घेणे' ही त्या काळातील सर्रास आढळणारी पद्धत होती. गाण्यांची यादी दुकानदाराकडे दिली जाई आणि काही दिवसांनी कॅसेट तयार मिळे. ६० मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूवर ३० मिनिटांचे ध्वनिमुद्रण बसत असल्याने कोणती गाणी घ्यावीत व त्यांचा क्रम काय असावा, याचा विचार आधीच करावा लागे. अशी परवानगीविना केलेली विक्री स्वामित्वहक्काचा भंग करणारी होती. भारतीय प्रताधिकार कायद्यात १९८४ मध्ये दुरुस्ती करून अशा नकलांसाठीची शिक्षा वाढवण्यात आली, तरी ही पद्धत कॅसेटच्या अखेरपर्यंत टिकून राहिली.

वापर आणि देखभाल

वॉकमनचा चालू खर्च प्रामुख्याने सेलचा होता. फीत पुढे-मागे करताना मोटर सतत चालत असल्याने सेल वाचवण्यासाठी कॅसेट बाहेर काढून तिच्या दातेरी छिद्रात षट्कोनी पेन्सिल घालून फीत गुंडाळण्याची युक्ती सर्वत्र प्रचलित होती. यंत्रात गुंतलेली फीत सोडवून परत आत घेण्यासाठीही पेन्सिलच उपयोगी पडे.

फितीवरील कण हेडवर साचल्यास आवाज दबका येतो, म्हणून हेड व रबरी चाक कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन हलक्या हाताने पुसावे लागत. कॅसेट उन्हात किंवा चुंबकाजवळ ठेवणे टाळावे लागे. यंत्र बराच काळ वापरायचे नसल्यास सेल काढून ठेवणे आवश्यक असे, कारण सेलमधून गळणाऱ्या रसायनाने धातूच्या पट्ट्या गंजतात. आतील रबरी पट्टा कालांतराने सैल पडतो किंवा विरघळतो. आज जुना वॉकमन चालू करताना बहुधा हाच भाग प्रथम बदलावा लागतो.

सामाजिक परिणाम

वॉकमनमुळे बस, रेल्वेगाडी किंवा रस्ता यांसारख्या सार्वजनिक जागेत व्यक्तीला स्वतःचे ध्वनिविश्व सोबत नेणे शक्य झाले. यावर दोन परस्परविरोधी मते मांडली गेली. एका मतानुसार वॉकमन लावलेली व्यक्ती भोवतालच्या लोकांपासून तुटते आणि एकत्र ऐकण्याची परंपरा क्षीण होते. दुसऱ्या मतानुसार गर्दी व गोंगाट टाळता न येणाऱ्या शहरी माणसाला त्यामुळे स्वतःपुरती जागा मिळते.

जपानी अभ्यासक शुहेइ होसोकावा यांनी १९८४ मध्ये 'द वॉकमन इफेक्ट' या निबंधात श्रोता आणि शहर यांच्यातील बदलत्या नात्याची चर्चा केली. पॉल द्यु गे, स्टुअर्ट हॉल व सहकाऱ्यांच्या 'डूइंग कल्चरल स्टडीज' (१९९७) या पाठ्यपुस्तकात वॉकमन हेच उदाहरण घेऊन वस्तूचे उत्पादन, जाहिरात, वापर व नियमन यांचा परस्परसंबंध उलगडला आहे. मायकेल बुल यांनी 'साउंडिंग आउट द सिटी' (२०००) या पुस्तकात वापरकर्त्यांच्या मुलाखतींच्या आधारे, रोजच्या प्रवासात मनःस्थिती सांभाळण्यासाठी लोक अशा यंत्रांचा कसा उपयोग करतात, हे दाखवले.

भारतातील लहान घरांच्या संदर्भात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. एका खोलीत अनेक जण राहत असताना रेडिओ किंवा टेपरेकॉर्डर कोणाच्या आवडीनुसार लागणार, हे बहुधा घरातील वडीलधारे ठरवत. वॉकमनमुळे कोणालाही त्रास न देता आणि कोणाची परवानगी न घेता स्वतःच्या आवडीचे ऐकणे तरुण सदस्यांना शक्य झाले. त्याच वेळी एक हेडफोन दोघांत वाटून घेणे किंवा कॅसेटची देवाणघेवाण करणे, अशा मार्गांनी सामूहिक श्रवणही नव्या स्वरूपात सुरू राहिले.

श्रवण आणि सुरक्षितता

वाहतुकीचा आवाज ऐकू न आल्याने होणाऱ्या अपघातांची चिंता प्रारंभापासून व्यक्त झाली. अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातील वुडब्रिज येथे १९८२ मध्ये हेडफोन लावून रस्ता ओलांडण्यास मनाई करण्यात आली. मोठ्या आवाजात दीर्घकाळ ऐकल्याने आंतरकर्णातील संवेदी पेशींची हानी होते आणि ती भरून येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित श्रवणासाठी प्रौढांकरिता ८० डेसिबल पातळीवर आठवड्याला ४० तास ही मर्यादा सुचवली आहे. पातळी वाढली की सुरक्षित कालावधी झपाट्याने घटतो.

श्रेयाचा वाद

जर्मन-ब्राझिलियन संशोधक आंद्रेआस पावेल यांनी अंगावर बाळगण्याच्या स्टिरिओ उपकरणाची कल्पना 'स्टिरिओबेल्ट' या नावाने मांडली आणि १९७७ मध्ये इटलीत पेटंटसाठी अर्ज केला. वॉकमन आल्यावर त्यांनी सोनीकडे मानधनाची मागणी केली. काही देशांतील विक्रीपुरती मर्यादित रक्कम त्यांना मिळाली, परंतु ब्रिटनमधील खटला १९९६ मध्ये त्यांच्याविरुद्ध गेला. प्रदीर्घ संघर्षानंतर २००३-०४ च्या सुमारास दोन्ही पक्षांत न्यायालयाबाहेर तडजोड झाली.

ऱ्हास आणि सद्यःस्थिती

१९९८ मध्ये एमपी३ धारिका वाजवणारी पहिली सुवाह्य यंत्रे विक्रीस आली. सोनीने १९९९ मध्ये डिजिटल वॉकमन आणला, मात्र त्यात गाणी कंपनीच्या स्वतःच्या एट्रॅक या स्वरूपात रूपांतरित करूनच घ्यावी लागत. सोनी १९८८ पासून मोठ्या ध्वनिमुद्रण कंपनीची मालकही असल्याने नक्कल रोखण्याकडे तिचा कल होता. ऑक्टोबर २००१ मध्ये ॲपलने ५ गिगाबाइट क्षमतेचा आयपॉड सादर केला आणि एकाच यंत्रात सुमारे हजार गाणी मावू लागली. १९७९ मध्ये वैशिष्ट्ये कमी करून सोनीने वापर सोपा केला होता. डिजिटल यंत्रांच्या बाबतीत ही सुलभता प्रतिस्पर्ध्याने साधली. पुढे स्मार्टफोनमुळे संगीतासाठी स्वतंत्र यंत्र बाळगण्याची गरजच बहुतेकांना उरली नाही.

जपानमधील कॅसेट वॉकमनचे उत्पादन २०१० मध्ये थांबवण्यात आले. तोपर्यंत सुमारे २० कोटी कॅसेट वॉकमन तयार झाले होते. 'गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी' (२०१४) या चित्रपटात टीपीएस-एल२ दिसल्यानंतर जुन्या यंत्रांना संग्राहकांकडून मागणी वाढली. सोनी आजही वॉकमन या नावाने डिजिटल संगीत-उपकरणे तयार करते. त्यांतील काही प्रतिमाने उच्च दर्जाच्या ध्वनीची अपेक्षा असलेल्या श्रोत्यांसाठी आहेत. फितीचे तंत्र मागे पडले असले, तरी हेडफोन लावून स्वतःच्या आवडीचे संगीत ऐकत चालण्याची वॉकमनने रुजवलेली सवय मोबाइल फोनच्या रूपाने सर्वत्र टिकून आहे.